ओला केस खोटं बोलतो

"ओल्या केसाला कात्री लावायची नाही. सरळ केस असेल तर एकवेळ चालेल, कुरळा असेल तर मुळीच नाही. ओला केस खोटं बोलतो. मी लांब आहे, मी लांब आहे म्हणतो, आणि सुकला की कानाच्या वर जाऊन बसतो. मग तू आणि गिऱ्हाईक, दोघी आरशात एकमेकींची तोंडं बघत बसा."

हे मामीचं वाक्य. मी सतरा वर्षांची असताना ऐकलेलं. मामीच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि आरशाच्या चौकटीत खोचलेला कंगवा, एवढंच तिचं दुकान. कुरळ्या केसांच्या बायकांना ती बजावून ठेवायची, येताना केस धुऊन, सुकवून, रोज जसे असतात तसे घेऊन या. मग खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारायची. एकेक बट उचलायची, ताणायची, सोडायची आणि ती किती उडी मारते ते बघायची. "एका घरातली पोरं सारखी नसतात, तर एका डोक्यावरच्या बटा कशा असतील," म्हणायची. भुवईपर्यंत केस हवे असतील तर ताणलेली बट नाकाच्या शेंड्यापर्यंत ठेवायची. सगळे केस एका उंचीला कापले तर खाली फुगतात आणि माणसाच्या डोक्याचा तंबू होतो. मामीची विद्या साधारण एवढीच होती, पण त्या पेठेत तिच्या हातून तंबू झालेली एकही बाई नव्हती.

मामी गेली, तिची कात्री माझ्याकडे आली. गेली अकरा वर्षं मी मॅडमच्या सलोनमध्ये आहे. तिथे खुर्च्या चार, आरसे सहा, आणि एक आरसा असा आहे की त्यात सगळ्याच बायका जरा बारीक दिसतात. मॅडमनी तो मुद्दाम दाराजवळ लावला आहे, जाता जाता बघायला.

सलोनमध्ये आले तेव्हापासून माझे दोन नेम आहेत. सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत बोलायचं नाही, आणि दहानंतर जे बोलायचं ते खोटं बोलायचं नाही. कशासाठी, ते ज्याला सांगायचं त्याला सांगितलेलं आहे. पहिला नेम सोपा. दुसरा आमच्या धंद्यात फार अवघड. बाई खुर्चीत गर्रकन फिरते, मानेवरचे केस झटकते आणि विचारते, "कसं दिसतंय?" इथे मोठमोठे लोक घसरतील. मी काही वाक्यं तयार ठेवली आहेत. "मान मोकळी झाली." "आता धुवायला सोपे जातील." "असे केस मी दुसऱ्या कुणाचे केले नाहीत." आणि अगदीच गाडं अडलं तर, "केस काय, वाढतात." सगळी वाक्यं शंभर टक्के खरी. बायका खूश होऊन जातात. यात दोष गिऱ्हाइकाचा की माझा, हे मी रोज संध्याकाळी स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत दिवा विझवते.

मौनाचा एक परिणाम मला आधी ठाऊक नव्हता. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक असे वागतात, जणू खोलीत एक स्टूल जास्त आहे. मॅडम नऊला येतात, मागच्या खोलीचं दार लोटतात, डोक्याचा रुमाल सोडतात आणि केसांची इस्त्री तापत ठेवतात. आठवड्यातून दोनदा केसही दुकानातच धुतात. घरी वेळ होत नाही म्हणतात. साडेनऊला बाहेर येतात तेव्हा त्यांचे केस पाण्याच्या धारेसारखे सरळ असतात. मॅडमचे केस सरळ आहेत हे सगळ्या पेठेला माहीत आहे. नऊ ते साडेनऊ ते तसे नसतात, हे मला माहीत आहे. पण तेव्हा मी बोलत नाही, आणि नंतर मला कुणी विचारत नाही.

मॅडमची धाकटी मुलगी तेरा वर्षांची. थोरले दोघे शिकायला बाहेर; हिला सगळे शेंडेफळच म्हणतात. तिच्या डोक्यावर दाट, काळ्या, स्क्रूसारख्या पिळाच्या बटा. कुणी विचारलं, की हे केस कुणाचे घेतले हो हिने, तर मॅडम ताबडतोब सांगतात, "वडिलांकडचे." वडिलांना पंचविसाव्या वर्षीच टक्कल पडलं, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावा मागता येत नाही.

गेल्या महिन्यात मॅडम तीन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आल्या. विषय होता, नागमोडी आणि कुरळ्या केसांना शोभणारे कट आणि रंग. जाताना हातात पर्स होती. येताना एक गुंडाळी, एक पंखा आणि चौकटीतलं प्रमाणपत्र होतं. गुंडाळी उघडली, तर त्यात चेहऱ्याचे सात आकार. गोल, लांबट, चौकोनी, बदामी, अंडाकृती, हिऱ्यासारखा, आणि सातवा त्रिकोणी, पण तो तोंडावर सांगायचा नाही अशी खाली सूचना. पंखा रंगांचा होता. त्वचेचे तीन सूर, उष्ण, शीत आणि समशीतोष्ण. मला शाळेतला नकाशा आठवला. रंगांची नावंही काय एकेक. भाजलेला बदाम, ओली वाळू, उशिराचं ऊन.

"ताई, आता अंदाजपंचे काही करायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी चेहरा मोजायचा, फॉर्म भरायचा, मग केस धुवायचे, मग ओल्यातच शास्त्रशुद्ध कट. ओले केस कसे शिस्तीत पडतात. कोरडे कापायला आपण काय लोकरीचं दुकान काढलंय?"

दहा वाजून गेले होते, म्हणून मी बोलले. "कुरळे केस सुकले की वर चढतात हो मॅडम."

"ते जुन्या पद्धतीत," मॅडम म्हणाल्या.

नव्या पद्धतीत ते का चढणार नाहीत, हे मी विचारलं नाही. नोकरीत काही प्रश्न असे असतात की ते विचारणाऱ्यालाच जड जातात.

पहिल्या आल्या बँकेतल्या बाई. यांचे केस नागमोडी, खांद्याखाली आले की छान वळतात. मॅडमनी कपाळापासून हनुवटीपर्यंत टेप लावली, गालफडाला लावली, फॉर्मवर "बदामी" लिहिलं, त्वचेला "शीत" ठरवलं आणि डोक्यावर मापून सारख्या अंतराने पट्टे ओढले, ओल्या वाळूचे. सरळ केसांत असे पट्टे पावसाच्या सरींसारखे उतरत असतील. नागमोडी केसांत प्रत्येक वळणावर पट्टा तुटला. सुकल्यावर बाईंच्या डोक्यावर कुणीतरी गोधडी उसवून टाकल्यासारखं दिसायला लागलं. वळणाच्या केसाला रंग द्यायचा तर जिथे बटेवर उजेड पडतो तिथे, बाहेरच्या फुगीर भागावर, ब्रशाने हलकेच. मामी मेंदीसुद्धा तशीच लावायची. पण मामीकडे पंखा नव्हता.

"कसं दिसतंय?" बँकेतल्या बाईंनी मला विचारलं.

"केस काय, वाढतात," मी म्हटलं.

"हो ना," बाई आनंदाने म्हणाल्या. "म्हणजे हे खालपर्यंत येईल."

दुसऱ्या आल्या मी राहते त्याच इमारतीतल्या काकू. तळमजल्यावर दाराशी मशीन मांडून शिवण करतात, जीभही सुईसारखी. मॅडम टेप घेऊन पुढे झाल्या तशा काकू मागे सरकल्या.

"हे काय?"

"चेहऱ्याचा आकार काढायचाय काकू."

"बाई गं, तीस वर्षांत नवऱ्याने कधी काढला नाही, तू काय काढतेस. माप घ्यायचं काम माझं. खालून चार बोटं काप म्हणजे झालं."

"आधी केस धुऊ या. ओल्यात कापायचे."

काकूंनी मॅडमकडे, मग माझ्याकडे, मग त्या गुंडाळीकडे पाहिलं. "सुती कापड मी आधी भिजवते, सुकवते, त्याचं काय आटायचं ते आटू देते, आणि मग बेतते," त्या म्हणाल्या. "ओलं कापड बेतणारी शिंपीण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाते. तुमचं शास्त्र निराळं असेल. मी हिच्या हातून कोरडेच कापून घेते."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की काही वयानंतर माणसं बदल स्वीकारत नाहीत. काकू म्हणाल्या, खरं आहे, काही वयानंतर टेपही स्वीकारत नाहीत.

हे सगळं चाललं असतं. बँकेतल्या बाई खूश होत्या, काकू कोरड्या सुटल्या होत्या. पण मॅडमना दुकानाच्या काचेवर लावायला दोन फोटो हवे होते. एक "आधी", एक "नंतर". आणि घरातच एक डोकं होतं.

त्या रविवारी सकाळी सव्वानऊला मॅडम शेंडेफळाला घेऊन आल्या. मॅडमचे स्वतःचे केस त्या दिवशी आदल्या रात्रीच इस्त्रीने ओढून ठेवलेले असावेत. शुक्रवारी मुलीची शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. गेल्या वर्षी ती मध्येच विसरली होती आणि तशीच व्यासपीठावरून खाली उतरली होती. वर्षभर तिने त्याबद्दल कुणाला एक अक्षर बोलू दिलं नाही, आणि यंदा स्वतः जाऊन नाव देऊन आली. भाषण पाठ झालं होतं. फरशी पुसताना मीच ते चारदा ऐकलं होतं. विषय होता आत्मविश्वास.

"फक्त टोकं," शेंडेफळ म्हणाली. "आई, फक्त टोकं हं."

"चेहरा लांबट आहे," मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "कपाळ मोठं. अशा चेहऱ्याला फ्रिंज हवी. कपाळ झाकलं की चेहरा अंडाकृती होतो. अंडाकृती म्हणजे सर्वोत्तम."

"पण मला कपाळ आवडतं."

"तुला काय कळतंय. ट्रेनिंग मी केलंय."

केस धुतले. ओले केस खरोखरच शिस्तीत पडले; सरळ, चपट, काळे, थेट हनुवटीच्या खाली. मॅडमनी पुढचा भाग विंचरून कपाळावर घेतला आणि कंगवा भुवईशी आडवा धरला.

मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. घड्याळात नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते. थांबा, ओले आहेत. तीनच शब्द. शेंडेफळाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून दुकानात वाढलेलं पोर, मामीचं वाक्य तिने माझ्याकडून दहा वेळा ऐकलेलं. ती बघत राहिली.

मी हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "ताई, टॉवेल नंतर."

मी खोकले. मॅडम म्हणाल्या, "पाणी प्या."

एकोणीस मिनिटं धीर धरा, असं कात्रीला खुणेने सांगता येत नाही. मी तीन शब्द दातांमागे धरून ठेवले आणि नेम पाळला. इतका छान पाळला की आधी कधी पाळला नव्हता. कचकच असा आवाज आला आणि केस फरशीवर पडले, ओले, लांबच लांब.

मग मॅडमनी ड्रायर लावला. भुवईवरची झालर आधी कपाळाच्या मध्यावर आली. मग आणखी वर. मग एकेक बट जागी झाली, आळस दिला आणि मुळापाशी जाऊन गुंडाळी होऊन बसली. शेवटी कपाळाच्या टोकाला तीन छोटी स्प्रिंगं उरली, तीन दिशांना तोंडं करून, एकमेकींशी भांडल्यासारखी. मॅडमनी ड्रायर बंद केला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद केला.

"अजून सेट व्हायचंय," त्या म्हणाल्या आणि "नंतर"चा फोटो न काढताच गल्ल्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

दहाचे ठोके पडले. शेंडेफळ खुर्चीत वळली.

"मावशी, कसं दिसतंय?"

मी तोंड उघडलं आणि सवयीने जे आलं ते बाहेर पडलं. "केस काय, वाढतात."

"हे तुम्ही बँकेतल्या काकूंनाही म्हणाला होतात," ती म्हणाली.

मी टॉवेलची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली.

"तुम्हाला माहीत होतं ना, हे असं होणार?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"दहा वाजायचे होते," मी म्हटलं. मनात असताना ते कारण चांगलं भरभक्कम होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्या तीन स्प्रिंगांहून तोकडं दिसलं.

संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "देव काय शाळेतला शिपाई आहे का, हातात घंटा घेऊन दहाची वाट बघत बसायला," म्हणाल्या आणि पुन्हा चाक सोडलं. त्यांचं बोलणं असंच. रात्री हात जोडले तेव्हा मी तो प्रश्न, ज्याला नेहमी विचारते त्याच्यापुढे जशाच्या तसा ठेवला.

सोमवारपासून उपाय सुरू झाले. पहिला उपाय इस्त्री. मॅडम सकाळी मुलीच्या कपाळावर इस्त्री फिरवून तिला शाळेत पाठवायच्या. मंगळवारी दुसरा उपाय निघाला. मॅडम पंखा घेऊन माझ्याकडे आल्या.

"पुढच्या बटांना उशिराचं ऊन देऊ या. रंग दिला की बघणाऱ्याची नजर लांबीवरून रंगावर जाते. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

"तेरा वर्षांची आहे हो मॅडम. आणि रंगाआधी केस फिका करावा लागेल. कुरळा केस फिका केला की त्याचा पीळ मरतो. आता स्प्रिंग आहे, मग काथ्या होईल."

काकू तेव्हा मॅडमचा बाही लावायचा ब्लाऊज घेऊन आल्या होत्या. "माझ्याकडेही येतात अशी गिऱ्हाइकं," म्हणाल्या. "डाग पडला की म्हणतात, त्यावर मोठं फूल शिवून द्या. मग सगळ्यांना विचारावं लागतं, फूल कसंय, आणि सगळे विचारतात, खाली डाग आहे का."

पंखा मिटला गेला.

बुधवारी शाळेत रंगीत तालीम होती. शेंडेफळ व्यासपीठावर गेली तेव्हा केस सरळ होते. सभागृहात उकाडा होता, तोंडावर दिवे होते, कपाळाला घाम आला. "आत्मविश्वास म्हणजे स्वतःला जसं आहे तसं स्वीकारणं," या वाक्यावर पहिली बट उठली. पुढच्या वाक्याला दुसरी. तिसरी उठेपर्यंत पुढच्या दोन रांगा हसत होत्या, आणि परीक्षक म्हणून बसलेल्या बाईंनी पाण्याचा ग्लास उचलून तोंड झाकलं. शेंडेफळ भाषण विसरली नाही. शेवटपर्यंत बोलली. हे मला दुकानात आलेल्या तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं. शेंडेफळाने सांगितलं ते वेगळं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली. डोक्यावर टोपी, कानापर्यंत ओढलेली. मागच्या खोलीत येऊन टॉवेलांच्या ढिगावर बसली.

"मी उद्या जाणार नाही."

"बाईंना सांगितलंस?"

"नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कुणाला काही बोलत नाही."

हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. मी तिच्यासमोर खाली बसले. "टोपी काढ. बघू दे."

तिने बराच वेळ लावला, पण काढली. मी एकेक बट बोटावर घेतली, सोडली.

"हे लांब करता येतील?"

"नाही," मी म्हटलं. "पण या तिघी एकट्या पडल्यात, म्हणून चुकल्यासारख्या दिसतात. बाजूच्या आणि वरच्या बटा पायरी पायरीने यांच्यापर्यंत आणल्या, तर या मुद्दाम ठेवल्यासारख्या दिसतील. मागची लांबी आहे तशीच. कपाळ अर्धं उघडं राहील. तुला आवडतं ना कपाळ."

"म्हणजे अजून कापायचं."

"हो."

"नको."

तिने टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मला गप्प बसायची सवय आहे, तिला नव्हती.

"आत्ता कापाल?" तिने विचारलं.

"आत्ता नाही. आत्ता यांच्यावर इस्त्री बसलीय, हे आत्ता काय सांगतील ते खरं नाही. आज घरी जाऊन धू. ओले असताना हाताने थोडं क्रीम लाव, बोटाने पीळ दे, कंगवा लावू नको, ड्रायर नको. रात्रभर आपल्या मनाने सुकू दे. सकाळी ते मूळ वळणावर येतील. मग कापायचे."

"उद्या स्पर्धा साडेनऊला आहे."

"साडेसातला घरी येते."

"साडेसातला तुम्ही बोलत नाही."

ती माझ्याकडे बघत होती, रविवारी आरशातून बघत होती तशीच.

"मला आता मुक्याने कुणी केस कापलेले नकोत," ती म्हणाली. "प्रत्येक बटेला कात्री लावायच्या आधी सांगायचं. किती आणि का. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. आणि मला चुकीचं वाटत नसलं, पण तुम्हाला वाटलं, तरी बोलायचं. लगेच. देता वचन? मग जाईन उद्या."

भिंतीवर साडेचार वाजले होते. माझ्या अकरा वर्षांच्या सकाळी मी एकदा मनात मोजल्या. मग म्हटलं, "दिलं."

तिने टोपी खिशात कोंबली. दारापर्यंत गेली आणि वळली. "मावशी, बाबांचे केस खरंच असे होते?"

"ते आईला विचार," मी म्हटलं.

दुकान बंद करताना मी मॅडमना सांगितलं. उद्या साडेसातला येणार आहे, कोरड्यातच कापणार आहे आणि बोलणार आहे. त्या गल्ल्याची किल्ली फिरवत होत्या. "ट्रेनिंगमध्ये," त्यांनी सुरुवात केली.

"हो," मी म्हटलं.

किल्ली तशीच राहिली. "आणखी काही विचारत होती?"

"बाबांचे केस असे होते का, ते."

"काय सांगितलंत?"

"आईला विचार म्हटलं."

"हो म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मी त्यांना टकलातच पाहिलंय हो."

मॅडमना हसू आलं, पण ते अर्ध्यातच संपलं. गल्ला दाराजवळच होता; त्या बारीक दाखवणाऱ्या आरशासमोरच उभ्या होत्या. "शाळेत मुली माझ्या केसांत पेन्सिली खोचायच्या," त्या म्हणाल्या. "मला कळायचंसुद्धा नाही. एकदा घरी गेल्यावर आईने सात काढल्या. एक तर टोक केलेली. त्याच रात्री मी जमिनीवर केस पसरून त्यावर कपड्यांची इस्त्री फिरवली. तेव्हापासून चालूच आहे. माझ्या मुलीला तसं होऊ नये एवढंच होतं मनात. तो अंडाकृती वगैरे सगळं नंतरचं."

"हे तिला सांगा की."

"काय सांगू? तुझी आई रोज सकाळी इस्त्री होऊन येते?"

"मी असं काही म्हटलं नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही ताई. रविवारी तुम्ही बोलला असतात, तर मी थांबले असते." किल्ली फिरली. "बहुतेक थांबले असते," त्या म्हणाल्या. मॅडमनी मनापासून सांगितलेली खरी गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, त्यातल्या "बहुतेक"सकट.

जेवणं झाल्यावर त्यांचा मेसेज आला. "या सकाळी. दोन्ही इस्त्र्या कपाटात ठेवल्या आहेत. तिने केस धुतले. मीपण."

शुक्रवारी मी नेहमीच्या वेळी उठले. आंघोळ झाल्यावर हात जोडून जे सांगायचं ते सांगितलं. परवानगी मागितली नाही. रविवारी मागायची होती ती. फक्त आजचं कळवलं. मामीची कात्री फडक्यात गुंडाळली, चार चिमटे आणि क्रीमची डबी पिशवीत टाकली आणि दाराला कुलूप लावून जिना उतरले.

काकूंचं मशीन सुरू होतं. अकरा वर्षं त्या मला रोज सकाळी एकच विचारतात, आणि अकरा वर्षं मी मान हलवते.

"निघालीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"निघाले," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला, वापर नसलेल्या दाराच्या कडीसारखा.

मशीन थांबलं. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि ते बंद पडलंय का बघायला उठल्या.

रस्त्यावर अजून वर्दळ नव्हती. पिशवी काखेत धरून मी मॅडमच्या घराच्या दिशेने चालू लागले आणि पहिलं वाक्य हलक्या आवाजात म्हणून बघितलं, ऐन वेळी अडखळायला नको म्हणून: ही बट कोरडी आहे, हिला अर्धं बोट कमी करते, तू थांब म्हणालीस की थांबेन.